अर्धा तास जमिनीवर

माझ्या धाकट्या बहिणीचं क्वार्टर भिलाईच्या टाउनशिपमध्ये आहे. मेहुणे प्लांटमध्ये, शिफ्टच्या ड्यूटीवर. त्यांचा मुलगा सव्वातीन वर्षांचा असतानाची एक दुपार मला अजून आठवते. कूलर घरघरत होता आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवर पालथा पडून स्टीलच्या डब्याचं झाकण फिरवत होता. झाकण कडेवर उभं करायचं, बोटाने गिरकी द्यायची, गाल जमिनीला टेकवून ते थांबेपर्यंत बघायचं आणि पुन्हा उभं करायचं. बहीण समोर चित्रांची कार्डं घेऊन बसली होती. "हे काय आहे? बघ इकडे. आंबा. आंबा म्हण. म्हण ना राजा." त्याने मानही वळवली नाही. शेवटी तिने झाकण काढून घेतलं. मग जो आकांत सुरू झाला तो मेहुणे सेकंड शिफ्टला निघून गेले तरी थांबला नव्हता.

बहिणीचं काही चुकत होतं असं नाही. मुलाला बोलतं करायचं म्हणजे शिकवायचं, आणि शिकवायचं म्हणजे विचारायचं, हे आपल्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेलं असतं. पुढे ती जे शिकली आणि तिच्याबरोबर मी जे वाचत गेले, ते दुर्ग-भिलाईतल्या मराठी घरांपर्यंत पोचावं म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. निदान आणि उपचारांचा निर्णय तज्ज्ञांचाच. पण दोन तज्ज्ञ भेटींच्या मधले जे दिवस घरात काढायचे असतात, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द चांगला आहे, पण थोडा फसवाही आहे. मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला आपली गरज नाही, असं त्यातून वाटतं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचं बारकाईने वर्णन करून ही अवस्था जगापुढे मांडली. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं, आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा समज बोकाळला. त्यात किती आया आतल्या आत मोडल्या असतील, याची गणती नाही. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिझमचा होता, पुराव्यानिशी हा आरोप खोडून काढला. एरिक शॉप्लर हे दुसरे मानसशास्त्रज्ञ एक पाऊल पुढे गेले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये त्यांनी आईवडिलांना उपचारातलं भागीदार केलं आणि १९७२ पासून ते काम तिथे सरकारी पातळीवर चालू झालं.

आपल्याकडे तो जुना आरोप नवे कपडे घालून आलाय. "मोबाइल दिला म्हणून झालं." "घरात कुणी बोलायला नाही म्हणून झालं." मोबाइल बाजूला ठेवणं चांगलंच, कारण त्यात गेलेला वेळ माणसांबरोबरचा वेळ खातो. पण ऑटिझम मोबाइलमुळे होत नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते आणि तिची सुरुवात जन्माआधीपासूनची असते. लसीमुळेही तो होत नाही. १९९८ साली बारा मुलांच्या आधारे तसं सुचवणारा जो निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता, तो त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा हे ओझं आधी खांद्यावरून उतरवा. पुढचं काम भरपूर आहे.

आता गोव्याकडे येते. संगाथ ही संस्था तिथे १९९६ पासून मानसिक आरोग्याचं आणि बालविकासाचं काम करते. इंग्लंडमध्ये 'पॅक्ट' नावाची एक पद्धत तयार झाली होती. तिच्यात तज्ज्ञ मुलाला शिकवत बसत नाही. मुलाशी कसं वागायचं ते आईवडिलांना दाखवतो. ही पद्धत आपल्याकडच्या घरांसाठी सोपी करून गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एकाच वेळी तपासली गेली. अतीफ रहमान, गौरी दिवाण, विक्रम पटेल, जोनाथन ग्रीन ही त्यातली प्रमुख नावं. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची मदत आणि दुसऱ्याला त्याबरोबर सहा महिन्यांत बारा भेटी. या भेटी देणारे कुणी मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, कारण आपल्यासारख्या जिल्ह्यांत तज्ज्ञांचीच वाण असते.

२०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या आईवडिलांना भेटी मिळाल्या, ते मुलाच्या कलाने बोलायला लागले होते आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. एक गोष्ट मात्र अपेक्षेच्या उलट झाली. आई आणि मूल दोघं मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देतात तो वेळ कमी झाला. अभ्यास लहान होता, हेही खरं. मी हे मुद्दाम सांगतेय. जो उपचार फक्त यशच सांगतो, त्याच्यापासून जरा लांबच राहावं. इंग्लंडच्या मूळ अभ्यासात १५२ मुलं होती. त्यांतल्या १२१ जणांना सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा पालकांना शिकवलेल्या गटातल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या लक्षणांची तीव्रता थोडी कमी राहिलेली दिसली. मुलं 'बरी' झाली नव्हती. तसं कुणी म्हणतही नाही.

आता हे घरी कसं करायचं?

सुरुवात मोबाइलनेच करा, पण मुलाच्या हातात देऊन नाही. पोळ्यांच्या डब्याला टेकवून तो उभा करा आणि मुलाबरोबर खेळताना दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मूल झोपल्यावर नवराबायकोने मिळून तो बघा. चुका शोधायच्या नाहीत. मुलाने तुमच्याकडे बघितलं, आवाज केला, हात ओढला, असे क्षण शोधायचे आणि त्याच्या अगदी आधी तुम्ही काय केलं होतं ते बघायचं. माझ्या बहिणीच्या पहिल्या व्हिडिओत दहा मिनिटांत सदतीस प्रश्न आणि हुकूम होते. मुलाने तिच्याकडे एकदाच पाहिलं होतं. त्या क्षणी ती गप्प होती, पदर सावरत होती.

मग जमिनीवर उतरा. खरोखर जमिनीवर, मुलाच्या समोर, त्याला तुमचा चेहरा सहज दिसेल अशा उंचीवर. त्याची नजर जिथे आहे तिथेच तुमची न्या. तो झाकण फिरवतोय ना, मग दुसरं झाकण घ्या आणि तुम्हीही फिरवा. आपल्याला वाटतं, यामुळे वेड आणखी वाढेल. तसं होत नाही. त्याला पहिल्यांदा कळतं की या बाईलाही झाकण आवडतं. महागडी खेळणी लागत नाहीत. कणकेचा गोळा, ओढणी, पाण्याचा मग, बाल्कनीतली वाळू, एवढं पुरे.

प्रश्न विचारू नका. तो बोलू शकला असता तर त्या क्षणी काय म्हणाला असता, तेवढंच म्हणा. "फिरलं!" "पडलं." "अजून." मूल अजिबात बोलत नसेल तर एकच शब्द, एकेक शब्द बोलत असेल तर दोन शब्दांचं वाक्य. म्हणजे त्याच्याहून एकच पायरी पुढे. एकदा म्हटलं की थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे मोजणं फार अवघड जातं, आपल्याला शांतता सोसत नाही. पण या मुलांना ऐकलेलं पोचायला आणि उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण त्या वेळातच दुसरा प्रश्न टाकतो आणि गाडी रुळावरून घसरते.

मुलाने जे काही केलं त्याला बोलणं समजून उत्तर द्या. त्याने तुमचा हात धरून फ्रिजकडे ओढला तर "हात सोड, तोंडाने सांग" म्हणू नका. "दूध. दूध पाहिजे," म्हणा आणि द्या. हात ओढणं हेच आज त्याचं वाक्य आहे.

ठरलेले खेळ रोज त्याच क्रमाने खेळा आणि शेवटच्या टप्प्याआधी थांबा. आपडी-थापडी, ओढणीत झोका, "एक... दोन..." आणि मग नुसतं बघत राहा. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो तुमच्याकडे वळतो. भाच्याने "तीन"ऐवजी नुसता ओठांचा चंबू केला होता, आम्ही त्यावर झोका दिला. महिनाभराने "ती" आलं. तसंच, आवडता खाऊ पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणी उघडायला त्याला तुमची गरज लागू द्या. मात्र त्याला रडवेपर्यंत ताणू नका, नाहीतर खेळाची परीक्षा होते.

रोज अर्धा तास. सलग जमत नसेल तर पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा. बाकी वेळ आई आईच राहू द्या. आंघोळ, कपडे, जेवण यांत ही सवय आपोआप उतरते. आजी-आजोबांनाही व्हिडिओ दाखवा. आमच्याकडे आजी सर्वांत लवकर शिकल्या, कारण त्यांना घाई नसते.

बोलायला लागलेली बरीच मुलं ऐकलेलंच परत म्हणतात. तहान लागली की भाचा म्हणायचा, "पाणी पाहिजे का?" कारण पाणी येतं तेव्हा त्याने हेच ऐकलेलं. कॅनरनीही हे नोंदवलं होतं. त्याला हसू नका आणि "'का' नाही म्हणायचं" म्हणून टोकूही नका. ग्लास देताना त्याच्या बाजूने म्हणा, "मला पाणी पाहिजे." मराठीत आणखी एक गंमत होते. दिवसभर आईबरोबर असलेला मुलगा "मी येते, मी जाते" म्हणतो. ते नंतर सुधारतं. आधी येऊ तर द्या.

आता भाषेबद्दल. आपल्या भागात हा प्रश्न घराघरांत आहे. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी. बहिणीला एका ठिकाणी सांगितलं गेलं, "मराठी बंद करा, बच्चा कन्फ्यूज होता है. फक्त हिंदी बोला." तिने पाच महिने ते पाळलं. पाच महिने आजी नातवाशी बोलल्याच नाहीत, कारण त्यांना मोडकंतोडकं हिंदी बोलायची लाज वाटे. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या ऑटिझमच्या मुलांची भाषा एकभाषी मुलांपेक्षा मागे पडते का, हे कॅनडात आणि इतरत्र तपासलं गेलं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असा तोटा आढळला नाही. तेव्हा ज्या भाषेत तुम्ही लाड करता, रागावता, गुणगुणता, त्याच भाषेत मुलाशी बोला. थेरपिस्ट हिंदीत शिकवत असतील तर दहा-पंधरा रोजचे शब्द त्यांना मराठीत लिहून द्या. चांगला थेरपिस्ट ते आनंदाने वापरतो.

तासांचाही एक हिशेब सांगते, कारण त्यात घरं कर्जबाजारी होतात. आठवड्याला चाळीस तास थेरपी, हा आकडा आला इव्हार लोवास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९८७ च्या अभ्यासातून. त्यांच्या गटात १९ मुलं होती आणि ९ मुलं साध्या शाळेत पहिलीत गेली, असं त्यांनी लिहिलं. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पण मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती आणि त्या काळच्या पद्धतीत मुलाला ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही बसत होतं. आज कुणी तसं करत असेल तर त्या जागी मुलाला पुन्हा नेऊ नका. २०२४ साली मिशेल सँडबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४४ अभ्यास, म्हणजे नऊ हजारांवर मुलांची माहिती, एकत्र तपासली. तास वाढवले म्हणून परिणाम वाढतो, असं त्यांना दिसलं नाही. थेरपी घेऊ नका, असा याचा अर्थ मुळीच नाही. बोलण्याची थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, दोन्हींचा उपयोग होतो. पण आठवड्याला तीन चांगले तास आणि घरी रोजचा अर्धा तास एवढं जमत असेल, तर पॅकेज मोठं घेतलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. थेरपीच्या खोलीत तुम्हाला बसू देतात का, घरी काय करायचं ते सांगतात का, हे जरूर विचारा. दार लावून घेणाऱ्या केंद्रापेक्षा दार उघडं ठेवणारं केंद्र निवडा. आणि बोलण्याच्या थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी लाखो रुपये मागणाऱ्या जाहिराती नागपूर-मुंबईहून आपल्या फोनपर्यंत येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ साली स्पष्ट सांगितलं आहे की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत. शरीरातले धातू काढण्याची औषधं तर जिवावर बेतू शकतात, २००५ साली अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा त्यात मृत्यू झाला. प्लॉट विकायला निघालेलं एक कुटुंब मला माहीत आहे. कृपा करून थांबा.

ज्यांचं अजून निदान झालेलं नाही, त्यांच्यासाठी. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवत नसेल, एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले असतील, तर "याचे बाबाही उशिरा बोलले" यावर थांबू नका. पहिली तपासणी कानांची. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ. आपल्या राज्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 'चिरायु' या नावाने चालतो. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत त्यांचं पथक येतं, त्यांना सांगा, ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. मोठ्या तपासणीसाठी रायपूरला टाटीबंधचं एम्स आहे. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण राजनांदगावला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, दुर्गहून तासाभराच्या आत. नागपूरला धावण्याआधी तिथे चौकशी करा. आणि नंबर यायची वाट बघत असताना वरचा अर्धा तास आजपासूनच सुरू करा, त्याला निदानाचा कागद लागत नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ऑटिझमची भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. हा आकडा मुलाचं भविष्य सांगत नाही, फक्त सवलतींचं दार उघडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, करून घ्या, आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतच्या आरोग्यविम्यासाठी नाव घाला. सीबीएसईच्या शाळांत या मुलांना परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात आणि तिसऱ्या भाषेतून सूटही. शाळेने आपणहून सांगितलं नाही तर अर्ज करून मागा.

शेवटी शिफ्टबद्दल. प्लांटच्या घरांची ही खास अडचण आहे आणि कुठल्याही पुस्तकात मला तिच्यावर उपाय सापडला नाही. या मुलांना दिवस कालच्यासारखा हवा असतो, आणि आपल्याकडे बाबा कधी पहाटे सहाच्या आत गेटवर, कधी रात्री दहाला, तर कधी दिवसभर घरात झोपलेले. दर वेळी शिफ्ट बदलली की भाच्याचे दोन-तीन दिवस रडण्यात जायचे. शॉप्लर यांच्या पद्धतीत चित्रांच्या वेळापत्रकाला फार महत्त्व आहे, कारण या मुलांना ऐकण्यापेक्षा बघून लवकर कळतं. त्यावरून बहिणीने एक पुठ्ठा केला. त्यावर सूर्य उगवताना, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी तीन चित्रं. बाबांच्या पिवळ्या हेल्मेटचा फोटो कापून त्याला मागे वेल्क्रो लावला. ज्या शिफ्टला बाबा, त्या चित्राखाली हेल्मेट. नाइटच्या दिवसांत बेडरूमच्या दारावर झोपलेल्या बाबांचा फोटो, म्हणजे दार वाजवायचं नाही. शिफ्ट बदलणार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी हेल्मेट हलवायचं काम मुलाचंच, बाबांच्या मांडीवर बसून.

पहिल्या महिन्यात त्याने ते हेल्मेट नुसतं चावलं. दुसऱ्या महिन्यात हात धरून लावून घेतलं. चौथ्या महिन्यात, पावसाचे दिवस होते, सेकंड शिफ्टचा दिवस. रात्री साडेदहाला तो पुठ्ठ्यावरून हेल्मेट काढून घेऊन दाराशी जाऊन उभा राहिला. खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. त्याने फोटो वर धरला आणि आईच्या सुरात म्हणाला, "बाबा येते."

मेहुण्यांनी ते दुरुस्त केलं नाही. ओला रेनकोट तसाच अंगावर ठेवून ते दारातच खाली बसले.